फुटलेला डिझेल पाइप आणि आपलं ‘चालतंय की’

मंडळी, इथं आपण जुन्या वाड्यांचे, नाटकांचे, कुंद्याचे किस्से लिहितो. आज मी पाइपाबद्दल लिहिणार आहे. पंपापासून नोझलपर्यंत जाणारा, करंगळीपेक्षा बारीक, हातभर लांबीचा पोलादी पाइप. यळ्ळूर, सांबरा, कंग्राळीकडच्या शेतांवर अजून 5 हॉर्सपॉवरची जुनी डिझेल इंजिनं आहेत. वीज नसली की त्यांच्याच जिवावर भात नि भाजी उभी राहते. त्यांचा हा पाइप फुटला की तसाच तयार मिळेलच याचा भरवसा नाही. मग गिऱ्हाईक आमच्या शेडमध्ये येतं आणि ठरलेलं वाक्य बोलतं, “मिस्त्री, एवढा डाग मारून द्या की. चालतंय.”

मी देत नाही. यावरून लोक रागावतात. “काय करूलालास रे, पाइपच की तो,” असं वडीलधारी माणसंही म्हणतात. म्हणून एकदा नीट सांगतो.

या पाइपाचा बाहेरचा व्यास साधारण 6 मिमी, आतलं भोक 2 मिमीच्या आसपास. म्हणजे भिंतच भोकाएवढी जाड. कारण नोझल उघडतं तेच सुमारे 200 किलो दाबाला, दर चौरस सेंटीमीटरला. इंजिन 1500 फेऱ्यांचं असेल तर मिनिटाला 750 वेळा हा दाब चढतो आणि उतरतो. तासाला 45,000 ठोके. पितळेचा डाग यात किती टिकणार? शिवाय डाग मारताना पाइप लालभडक होतो, तिथं पोलाद मऊ पडतं, आत खपली धरते. ती खपली सुटून जाते नोझलमध्ये, जिथली भोकं 0.3 मिमीच्या आसपास असतात. पाइपाचे पैसे वाचवले आणि नोझल बसलं, हे मी कितीदा बघितलंय. तांब्याचा पाइप वाकवून बसवणारेही आहेत. परतीच्या डिझेलच्या लाइनीला तांबं एकवेळ ठीक आहे, इथं नाही.

रीतसर काम असं असतं. बिनजोडाचा, थंड ओढलेला पोलादी पाइप घ्यायचा, मापाला कापायचा, आतली बर काढायची. मग दोन्ही नट आणि त्यांच्या बाह्या आधीच पाइपात ओवून ठेवायच्या. दुसरं टोक घडवल्यावर नट आत जात नाही, हे शिकाऊ पोराला पहिल्या आठवड्यात कळतं. टोक डायमध्ये आवळून प्रेसनं थंडच दाबायचं, म्हणजे धातू फुगून शंकूसारखं डोकं तयार होतं. समोरच्या 60 अंशाच्या खोबणीत ते डोकं बसलं पाहिजे. इथं वॉशर नाही, टेप नाही, धातूवर धातू. दाबताना भोकाचं तोंड आवळतं, ते पुन्हा मोकळं करायचं. त्यानंतर वाक. मी 25 मिमीपेक्षा लहान त्रिज्येचा वाक देत नाही आणि ज्योत तर लावतच नाही. शेवटी डिझेलनं आतून धुवायचा, बसवायचा, एअर काढायची. आणि क्लॅम्प विसरायचा नाही, कारण बरेच पाइप दाबानं नव्हे, थरथरीनं डोक्यापाशी तुटतात.

“आमच्या वडिलांच्या इंजिनला कसलाही पाइप चालायचा,” असंही ऐकू येतं. ते खोटं नाही. दाबाची लाट डिझेलमधून सेकंदाला सुमारे 1300 मीटर वेगानं जाते. पाइप 30 सेंटीमीटर लांब केला तर डिझेल नोझलला थोडं उशिरा पोचतं. जुनं लिस्टर पद्धतीचं इंजिन मिनिटाला 650 फेऱ्या घ्यायचं. त्यात हा उशीर क्रँकच्या एका अंशाच्या आत बसायचा, कुणाला पत्ताही लागायचा नाही. 1500 फेऱ्यांच्या इंजिनात तोच उशीर 2 अंशांचा होतो. मग टायमिंग मागे पडतं, धूर वाढतो, आणि शिव्या पंपाला बसतात. दोन सिलिंडर असतील तर दोन्ही पाइप सारख्या लांबीचेच हवेत, दिसायला वेडेवाकडे झाले तरी.

आणि एक गोष्ट घरातल्या पोरांना सांगाच. पाइप गळतोय का हे बघायला अंगठा लावतात. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत जाते. वर सुई टोचल्याएवढी खूण, सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून हळद लावून माणूस घरी बसतो. आत डिझेल पसरलेलं असतं आणि काही तासांत बोट वाचवणं अवघड होऊन बसतं. लगेच हॉस्पिटलला जायचं आणि ‘डिझेल आत घुसलंय’ असं स्पष्ट सांगायचं. गळती बघायला पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा.

आता माझी खरी तक्रार. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली आपल्या बेळगावात सायकलचं दुकान काढलं, हे आपण प्रत्येक कार्यक्रमात अभिमानानं सांगतो. 1910 मध्ये ते कुंडलजवळच्या माळावर गेले, तेही सांगतो. पण घरचा पोरगा लेथवर उभा राहिला तर तोंड वाकडं करतो. उद्यमबागेतल्या आपल्या माणसांच्या किती शेड बंद झाल्या बघा. पोरं पुण्याला, बंगळूरला गेली, त्यात वावगं काहीच नाही. पण मागं राहिलेल्या डाय भंगारवाल्याच्या काट्यावर किलोनं जातात, तेव्हा पोटात तुटतं. हाताएवढी, दोन फाकांची पोलादी डाय. तिच्याविना हे डोकं घडत नाही, आणि नवी बनवायची म्हणजे पाइपाच्या कितीतरी पट खर्च.

तर कुणाच्या माळ्यावर, जुन्या पेटीत अशा फाका पडल्या असतील, मधे 6 मिमीची अर्धगोल खाच आणि टोकाला शंकू, तर इथं फोटो टाका. भंगाराच्या भावापेक्षा जास्त मी देतो. शेड चालवायची इच्छा असलेलं कुणी पोर असेल तर त्याला नुसत्याच देऊन टाकल्या तरी माझं काही म्हणणं नाही.