फडक्याखालचा मिक्सर

गेल्या दिवाळीत लेक-जावयांनी आम्हा दोघांना खानापूरच्या बाजूला एका शेतघरावर नेलं. दोन रात्री, तीन दिवस. "आई, तिथं काहीही करायचं नाही, नुसतं बसायचं," असं लेकीनं निघायच्या आधीच बजावलं होतं. ह्या प्रकाराला हल्ली 'स्लो ट्रॅव्हल' म्हणतात. धावतपळत दहा ठिकाणं बघायची नाहीत. एका खेड्यात नाहीतर लहान गावात जाऊन राहायचं, तिथलं खायचं, तिथल्यासारखं जगायचं. आमच्या लहानपणी ह्याला मामाच्या गावाला जाणं म्हणत.

जागा छान होती, खोटं कशाला बोलू? कापणीला आलेला भात, सारवलेलं अंगण, ओसरीवर झोपाळा. भिंतीवर वारली चित्रं काढलेली होती. खानापुरात वारली कुठून आले, हे मालकाला विचारावंसं वाटलं, पण जावयांसमोर गप्प बसले.

माझं एक आहे, मी रात्री जेवत नाही. दिवस मावळायच्या आत दोन घास खाऊन मोकळी होते. म्हणून चारच्या सुमाराला स्वयंपाकघरात सांगायला गेले, की कांदा-लसूण नको, पाणी उकळून गाळून लागेल. तिथं ती भेटली. चाळिशीची असेल. पाट्यावर वाटण वाटत होती, वीस माणसांचं. कोपऱ्यात काहीतरी फडक्याखाली झाकलेलं होतं. मी सहज फडकं उचललं, तर खाली मिक्सर! शेजारी गॅसची शेगडी, तीही झाकलेली.

"पाहुण्यांना दिसायला नको म्हणतात मालक," ती म्हणाली. "चुलीवरचं आणि पाट्यावरचंच पाहिजे असतंय की वो ताई सगळ्यांना. फोटो काढतात."

तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते फडकं जात नाही. ते तिथं मालकानं टाकलं हे खरं, पण आपल्यासाठी टाकलं. घरात मिक्सर एक दिवस बिघडला तर मी दुकानदाराच्या दारात उभी राहते. आणि खेड्यातल्या बाईनं मात्र माझ्या दोन दिवसांच्या समाधानासाठी तासभर वरवंटा ओढायचा? बायकांच्या डोळ्यांतला आणि छातीतला धूर थांबावा म्हणून २०१६ पासून उज्ज्वला योजनेत घरोघर गॅस दिला गेला. माझी आजी चुलीपुढं फुंकणी घेऊन खोकत बसायची, ते मी पाहिलं आहे. त्या धुराला आता आपण 'अस्सल चव' म्हणून वर पैसे मोजतो.

तिचा दिवस मी विचारून घेतला. पहाटे साडेचारला उठायचं, कारण अंगण सारवलेलं दिसलं पाहिजे. आमची मंडळी उठणार नवाला, मग चहा-नाश्ता दोनदोनदा. रात्रीची जेवणं दहानंतर, शेकोटी विझल्यावर. मग भांडी. जमीन पूर्वी तिच्या सासऱ्यांची होती. आता मालक दुसरा, आणि ती त्याच जमिनीवर पगाराला. मला तिनं विचारलं, "बेळगावात राहायला एका दिवसाचं किती घेतात वो? मला दोन दिवस काही न करता बसायचं आहे."

मी काय सांगणार?

"तिला रोजगार तर मिळतो ना," असं जावई म्हणाले. मिळतो, आणि तो मिळावाच. माझं भांडण रोजगाराशी नाही. तिनं काम कसं करावं हे पाहुण्यांच्या फोटोवरून ठरतं, त्याच्याशी आहे. ही सावकाशीची कल्पना ज्या इटलीतून आली, तिथं रोममध्ये १९८६ साली फास्ट फूडच्या विरोधात लोक उभे राहिले आणि त्यातून 'स्लो फूड' चळवळ झाली. त्याच देशात त्याआधीच, १९८५ साली, शेतघरावर पाहुणे ठेवण्याचा कायदा झाला. त्यात पाहुणे हा जोडधंदा आणि शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे, अशी अट आहे. म्हणजे यजमान आधी शेतकरी, मग यजमान. आपण तिथला शब्द तेवढा उचलला.

आता मैत्रिणींनो, दुसऱ्यांना बोलून झालं; आपल्या घरचं बघू. आपल्या समाजाच्या यात्रेच्या बसगाड्या काय करतात? चार दिवसांत श्रवणबेळगोळ, वेणूर, मूडबिद्री, कारकळ, वारंग, हुंचा. मूडबिद्रीत अठरा बस्त्या आहेत आणि बसवाला ओरडतो, "पाऊण तासात या!" हजार खांबांच्या बस्तीत एका खांबासारखं कोरीवकाम दुसऱ्यावर नाही म्हणतात. पाऊण तासात खांब बघायचे, की रांगेत उभं राहून चपला शोधायच्या? परत आल्यावर 'सगळं झालं' असं आपण सांगतो. झालं काय, तर गुडघे दुखणं.

आणि हे आपण करतो, ज्यांचे मुनी अजून पायी विहार करतात! पावसाळ्यात जमीन जिवंत असते, पायाखाली जीव मरतात, म्हणून ते चार महिने एका गावी थांबतात. आपण नेमक्या त्याच महिन्यांत आंबोली-चोर्ल्याकडे गाड्या काढतो. (विहारात चौका लावणाऱ्या बायकाही पहाटे उठून राबतात, हे मला माहीत आहे. मीही लावला आहे. पण तिथं पाळी असते, आणि कुणी फडकं टाकून शेगडी झाकायला सांगत नाही.)

मागच्या माघात आम्ही तिघीजणी मूडबिद्रीला चार दिवस राहिलो. धर्मशाळेतली साधी खोली. रोज चार-पाच बस्त्या, दुपारी झोप, संध्याकाळी बाजारात चक्कर. जेवणाला एका घरी सांगितलं होतं. त्या बाईंनी कुकरमध्ये भात लावला, मिक्सरमध्ये चटणी वाटली आणि दिवस मावळायच्या आत वाढून त्या टीव्हीपुढं बसल्या. पैसे त्यांच्याच हातात दिले, ताटं आम्ही घासली. फोटो एकही नाही. चवीला काही कमी होतं असं तिघींपैकी एकीलाही वाटलं नाही.

खानापूरच्या तिला मी त्याच दिवाळीत माझा पत्ता लिहून दिला होता. दोन दिवस ये, माझ्याकडं काही न करता बस, म्हटलं. भात घरात आला की येते म्हणाली. भात आला, नाताळ गेला, शिवरात्र गेली. परवा फोन केला तर मागं वरवंट्याचा आवाज येत होता. म्हणाली, "येते वो ताई, जरा सुट्टीचं बुकिंग संपू देत."