तुम्हालाच का घ्यावे?

मुलाखतीच्या टेबलापलीकडचे गृहस्थ पाण्याचा घोट घेतात, चष्मा पुसतात आणि समोरच्या बावीस वर्षांच्या पोराला विचारतात, "शंभर अर्ज आलेत. आम्ही तुम्हालाच का घ्यावे?" हा प्रश्न मला मूर्खपणाचा वाटतो, आणि थोडासा दुष्टपणाचाही. उरलेल्या नव्याण्णवांना त्या पोराने पाहिलेलेसुद्धा नाही. त्यांचे अर्ज आहेत ते या गृहस्थांच्या पुढ्यात. निवड करण्याचे काम यांचे, पगार त्यासाठी घेणार हे, आणि ते ओझे उमेदवाराच्या डोक्यावर!

मराठी घरात वाढलेल्या मुलाची तर दुहेरी पंचाईत. समर्थांनी दासबोधात मूर्खाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत आपली स्तुती आपण करणारा आहे, तसा वडिलांची कीर्ती सांगणाराही आहे. साहेब आधी विचारतात, "वडील काय करतात?" आणि पाठोपाठ हा प्रश्न. दोन मिनिटांत दोन्ही लक्षणे पदरात!

लग्नकार्याला आचारी ठरवताना कोणी पुणेकर त्याला "तुम्हालाच का?" असे विचारतो काय? कुठे कुठे कार्ये केलीत, शंभर पानांच्या मठ्ठ्याला दही किती लागेल, असे आपण विचारतो. मग गुपचूप त्या घरी जाऊन चौकशी करतो. पानात वाढायचे आहे तिथे आपली अक्कल शाबूत असते. कचेरीत ती का गहाण पडावी?

एका निवड समितीवर मी चार वर्षे बसलो. मी कष्टाळू आहे, मी मिळूनमिसळून वागतो, मला शिकण्याची हौस आहे, ही तीच तीन वाक्ये मी इतक्या तोंडून ऐकली की शेवटी शेवटी उमेदवाराच्या आधी मीच ती मनात म्हणू लागलो. हिशेबनिसाच्या जागेसाठी एक मुलगा आला. या प्रश्नावर तो खाली मान घालून बसला. मी त्याच्यापुढे एक न जुळणारा जुना ताळेबंद सरकवला. आठ-दहा मिनिटांत त्याने चुकलेल्या रकमेवर बोट ठेवले. समितीने शेरा मारला, 'आत्मविश्वास कमी'. जागा मिळाली ती ती तीन वाक्ये खणखणीत म्हणणाऱ्याला. साबण विकायला माणूस हवा असेल तर खुशाल बोलका निवडा. खतावणीला जिभेचा काय उपयोग?

याच पुण्यात 1891 साली फर्ग्युसन कॉलेजात गणिताला शिक्षक हवा होता. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मुंबईत शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांना बोलावून घेतले. माणूस हेरण्याचे काम बोलावणाऱ्याने केले होते.

आणि 1974 सालची ती गोष्ट. बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, पुण्याच्या टेल्कोची जाहिरात वाचली. स्त्रियांनी अर्ज करू नये, असे तीत छापले होते. त्यांनी जे. आर. डी. टाटांना सरळ एक पोस्टकार्ड टाकले, की तुमच्यासारख्यांनी असा भेद करावा याचे नवल वाटते. जाण्यायेण्याचे भाडे देऊन कंपनीने मुलाखतीस बोलावले. वसतिगृहातल्या मैत्रिणींनी पुण्याहून लुगडी आणायला तीस-तीस रुपये हातावर ठेवले, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. मुलाखतीत आधी विषयाचे प्रश्न झाले. मग एका वयस्क गृहस्थांनी समजावले, की कारखान्यात बाई आजवर कामाला घेतलेलीच नाही. त्यावर त्या म्हणाल्या, कुठून तरी सुरुवात करायला हवी, नाहीतर तुमच्या कारखान्यात बाई कधीच येणार नाही. जागा त्यांना मिळाली.

यात मला आवडतो तो उलटा व्यवहार. "मलाच घ्या" असे त्या बाईंनी म्हटले नाही, "का नको?" एवढे विचारले, आणि कारणे देण्याची पाळी मालकावर आली.

आज हिंजवडीला नि खराडीला मुलाखतीसाठी निघालेली पोरे त्याच तीन वाक्यांची घोकंपट्टी करताना दिसतात. आमच्या भाचीला मी सांगितले आहे, "साहेबांना विचार, काम काय आहे? ते कळले की मला येते की नाही, हे मी इथेच करून दाखवते, म्हण." तिची आई म्हणते, मामाच्या नादाने पोरीची नोकरी जाईल. जाईलही, पण मग त्या साहेबांना भाचीने कागद मागितला असता तो का दिला नाही, हे त्यांनी लिहून द्यावे.