ट्रॅक्टरला छप्पर हवे

खंडेनवमीला झेंडूचा हार घालून ज्या ट्रॅक्टरची पूजा होते, तोच आषाढ-श्रावणात अंगणात भिजत उभा असतो, ही विसंगती खेदजनक होय. बैल आणण्यापूर्वी गोठ्याची चिंता वाहणाऱ्या शेतकऱ्याने लाखो रुपयांचे यंत्र मात्र उघड्या आभाळाखाली सोडावे, यास काय म्हणावे? अर्धवट रिकाम्या टाकीत दमट हवेतील बाष्पाचे पाणी होते. ते डिझेलबरोबर पंपात जाऊन गंज चढवते. सायलेन्सरच्या उघड्या तोंडातून पाऊस इंजिनात शिरतो. उन्हाने टायरांना भेगा पडतात.

२०१४-१५ मध्ये केंद्राने यांत्रिकीकरणाचे उपअभियान हाती घेतले, यंत्रखरेदीस अनुदान दिले. खरेदीइतकीच जपणुकीचीही काळजी वाहिली पाहिजे. कर्ज मंजूर करतानाच बँकांनी पत्र्याच्या छपराचा खर्च त्यात धरावा. तोवर शेतकऱ्याने निदान टाकी भरून ठेवावी, सायलेन्सरवर डबा उपडा घालावा, बॅटरीची तार सोडवावी. अन्यथा हप्ते फिटण्यापूर्वीच यंत्र मोडीत जाईल आणि दारात उभे राहील ते केवळ कर्ज!