मानधन घराच्या हिशेबात धरा

मुक्त लेखकाचा लेख छापून येतो तेव्हा त्यावर एकच नाव असते. तो लिहून होईपर्यंत घरचे वीजबिल, किराणा आणि मुलांची फी कुणी भरली, हे वाचकाला दिसत नाही. ठरलेला पगार नसलेल्या लेखकाचे लेखन बरेचदा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या कमाईवर आणि कष्टांवर चालते. म्हणून मानधन वेळेवर आणि पुरेसे मिळण्याचा प्रश्न लेखकाइतकाच त्याच्या कुटुंबाचाही आहे.

महाराष्ट्राच्या कलेचा इतिहास याला साक्ष आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये पडद्यावर आला, त्यामागे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने होते. चित्रपटाच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनी केला आणि कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे कामही शिकून घेतले. कवी रेव्हरंड टिळक 1919 मध्ये गेले आणि त्यांचे अपुरे काव्य ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. लेखकाचे घर चालवताना काय काय सोसावे लागते, हे पु. ल. देशपांडे यांच्या पत्नी सुनीताबाई देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’ या आत्मकथनाने 1990 मध्ये उघडपणे मांडले. या स्त्रियांच्या त्यागाचे आपण कौतुक केले, पण कलेच्या खर्चात तो कधी धरला नाही.

हा खर्च सर्वांना सारखा झेपत नाही. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीनुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष 97 मिनिटे. म्हणजे लिहायला लागणारा निवांत वेळच मुळात असमान वाटला गेला आहे. त्यात मानधन तुटपुंजे असेल, तर घरची ऐपत असलेलेच लिहीत राहतील. शेतमजुराची मुलगी किंवा एकटीने मूल वाढवणारी आई दोन-चार लेखांनंतर थांबेल आणि तिला ठाऊक असलेले जग मराठीत येणारच नाही.

यावर संपादकांचा एक आक्षेप रास्त आहे: दिवाळी अंकांचे आणि छोट्या नियतकालिकांचे अर्थकारण नाजूक असते. परंतु कागदवाल्याचे आणि छापखान्याचे पैसे त्याच अंदाजपत्रकात धरलेले असतात. वगळला जातो तो लेखक. ज्यांना खरोखर परवडत नाही, त्यांनी तसे आधी सांगावे, म्हणजे लेखकाला निवड करता येईल. दुसरा आक्षेप असा, की साहित्य ही साधना आहे, तिला पैशाचे मोल लावू नये. साधना लेखकाने स्वतःच्या मर्जीने करावी. तिचा भार त्याच्या घरावर टाकण्याचा अधिकार प्रकाशकाला नाही.

कायद्यानेही ही जाण ठेवली आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर मुक्त लेखकाच्या लेखाचा हक्क त्याच्याकडेच राहतो आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे वारसांना मिळतो. लेखक गेल्यावर ज्या कुटुंबाचा हक्क आपण मानतो, त्याचा विचार तो हयात असतानाच व्हायला हवा. त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत: लेख मागवतानाच मानधन सांगावे, छापून आल्यावर ठरल्या मुदतीत ते द्यावे आणि तोच मजकूर पुन्हा वापरल्यास वेगळे पैसे मोजावेत. मोठ्या वृत्तपत्रांनी सुरुवात केली, तर इतरांनाही त्याच वाटेने यावे लागेल.