जंगल राखलं, पण कुणासाठी?



मागच्या महिन्यात आपल्या एका पाड्यावर शहरातली एक संस्था आली होती. बोलणं गोड. तुमचं जंगल ट्रस्टच्या नावावर राखू, पाहुण्यांसाठी पायवाटा काढू, पोरांना गाईडचं काम देऊ. कागदही तयार होता, फक्त सही बाकी. ग्रामसभेत दोन मतं पडली. काम मागणारी पोरं काही चूक नाहीत, पावसाळा संपला की निम्मा पाडा वीटभट्टीवर जातो. म्हणून भांडण वाढवण्याआधी एका लांबच्या ट्रस्टची हकिकत ऐका.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात समुद्राच्या बाजूला रेडवूडची झाडं आहेत. तीनशे फुटांच्या वर जातात, काही दोन हजार वर्षं जगतात. लाकूड कंपन्यांनी त्यातलं जवळजवळ सगळं जुनं जंगल तोडून नेलं, शंभरात पाच भाग उरलं. ते वाचवायला १९१८ साली सेव्ह द रेडवूड्स लीग ही संस्था निघाली. देणग्या जमवायच्या, जमीन विकत घ्यायची, सरकारी उद्यानाला जोडायची, लोकांना फिरायला वाटा ठेवायच्या. शंभर वर्षांत दोन लाख एकरांहून जास्त जंगल त्यांनी वाचवलं. हे काम लहान नाही, ते मान्य केलंच पाहिजे.

पण त्या जंगलात आधी कोण राहत होतं? तिथल्या एका भागात सिंकिओन लोक होते, आपल्यासारखेच आदिवासी. १८५० नंतर आलेल्या गोऱ्यांनी त्यांच्या कत्तली केल्या, उरलेल्यांना हाकललं. सॅली बेल नावाची मुलगी घरच्यांना मारताना बघून झाडीत लपली म्हणून वाचली. लीग काढणाऱ्यांतले काही बडे लोक तर गोरा वंशच श्रेष्ठ मानणारे होते. हे आज ती संस्था स्वतः कबूल करते. झाडांच्या राईंना देणगीदारांची नावं मिळाली. ज्यांचं जंगल, त्यांना विचारलं कुणी नाही.

ते लोक मात्र गप्प बसले नाहीत. १९८६ साली जमातींनी एकत्र येऊन आपली परिषद केली. आज तिच्यात दहा जमाती आहेत. १९९७ मध्ये तिनं ३,८०० एकरांच्या आसपास जंगल विकत घेतलं. आणि २०२२ मध्ये त्याच लीगनं आणखी ५२३ एकर परिषदेच्या नावावर करून दिलं. तोड नाही, बांधकाम नाही, ही अट दोघांनी मिळून मानली. त्या जागेला त्यांनी आपल्या भाषेतलं नाव परत दिलं. अर्थ असा, मासे चढतात ती जागा.

आता विचार करा. आपलंच जंगल त्यांना विकत घ्यावं लागलं, नाहीतर दान म्हणून घ्यावं लागलं. आपल्याला तसं करायची गरज नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगल राखण्याचा, वाढवण्याचा, सांभाळण्याचा हक्क ग्रामसभेला दिलाय. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं २००९ मध्ये १,८०० हेक्टरचा सामूहिक हक्क मिळवला, पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकला. ट्रस्ट लागला नाही.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. आधी सामूहिक दावा पूर्ण करा, मग पाहुण्यांशी बोला. सही एकट्या सरपंचानं करायची नाही. ग्रामसभेत निम्मी माणसं आणि त्यात एक तृतीयांश बाया हजर पाहिजेत, कागद मराठीत आणि आपल्या बोलीत वाचून दाखवला पाहिजे. पायवाट कुठून जाईल ते आपण ठरवू. गावदेवाच्या राईतून नाही, बाया मोह वेचतात तिथून नाही. पैसा ग्रामसभेच्या खात्यात.

संस्थेला राग नको. मदत करायची तर या, बसा, चहा घ्या. पण पाहुण्यानं घराची किल्ली मागायची नसते.

आपलं जंगल, आपली ग्रामसभा! जिंदाबाद!