नाही म्हणजे शून्य नव्हे

मागच्या अंकात आपण पायथन भाषेतली यादी पाहिली. या वेळी डिक्शनरी पाहू. किराणा दुकानातल्या दरपत्रकासारखी ती असते. डावीकडे मालाचे नाव, उजवीकडे दर. नावाला ‘की’ म्हणतात, दराला ‘व्हॅल्यू’. समजा, घरातल्या मुलीने दुकानाच्या बिलासाठी छोटा प्रोग्रॅम लिहिला: तांदूळ ६०, साखर ४५, चणाडाळ ९०. चौकटी कंसात ‘साखर’ लिहून दर मागितला की ४५ मिळतात.

पण गिऱ्हाइकाने खजूर मागितला आणि तो दरपत्रकात नसला तर? पायथन ‘की-एरर’ देतो आणि प्रोग्रॅम तिथेच थांबतो. समोर मात्र रांग उभी असते.

त्यावर ‘गेट’ची सोय आहे. गेटला दोन गोष्टी सांगता येतात: कोणती की हवी, आणि ती नसल्यास काय द्यावे. दुसरी सांगितली नाही तर ‘नन’ मिळते, म्हणजे काहीच नाही. पुष्कळ जण तिथे शून्य लिहून मोकळे होतात आणि इथेच घात होतो. प्रोग्रॅम अडत नाही, बिल व्यवस्थित छापले जाते, पण खजूर फुकट जातो. संध्याकाळी गल्ल्यात पैसे कमी का भरले, ते कोणालाच उमगत नाही. थांबलेला प्रोग्रॅम परवडला, गुपचूप चुकणारा परवडत नाही.

म्हणून आम्ही सांगू, शून्य हेच खरे उत्तर असेल तिथेच शून्य द्या. दिवसभरात कोणता माल किती विकला हे मोजताना, ज्याचे नाव अजून आलेच नाही त्याची विक्री शून्य, हे बरोबरच आहे. दराचे तसे नाही. आधी ‘इन’ वापरून की आहे का ते पाहा. नसेल तर दुकानदाराला दर विचारा, मगच बिल पुढे न्या.

कधी नाव असूनही सापडत नाही. ‘साखर’नंतर चुकून मोकळी जागा पडली तर पायथनच्या लेखी ती निराळी की ठरते. ती जागा ‘स्ट्रिप’ने काढता येते. नुक्त्याचेही तसेच आहे. ‘ज़ाफ़रान’मधला ज़ संगणकात एका चिन्हाने साठवता येतो, किंवा ज आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पायथनला वेगळे. ‘नॉर्मलाइझ’ने दोन्ही एकसारखे करून घ्यावेत.

या महिन्याचा सराव: घरच्या किराण्याचे दरपत्रक बनवा, त्यात नसलेली वस्तू मुद्दाम मागा आणि प्रोग्रॅम काय उत्तर देतो ते पाहा.