पाणी माणशी
पाणी अडवण्याच्या नव्या युक्त्या दरवर्षी निघतात. पण अडवलेलं पाणी कुणाचं, हा प्रश्न विलासराव साळुंखे यांच्याइतक्या सरळपणे फार थोड्यांनी विचारला. पुण्याचे हे इंजिनिअर-उद्योजक १९७२च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात गेले आणि तिथलेच झाले. नायगावात देवस्थानची ४० एकर उजाड जमीन खंडाने घेऊन बांधबंदिस्ती, पाझर तलाव, त्याखाली विहीर, तिथून वर उपसा, हे सगळं त्यांनी आधी स्वतः करून दाखवलं. ते मोलाचंच; तरी खरं धाडस वाटपाच्या नियमांत होतं. त्यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीत पाणी एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांवर मिळे: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनीच उचलायचा, आणि ऊस लावायचा नाही. या शेवटच्या अटीने आजही अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतील, पण बेताच्या पावसाच्या मुलखात एकाच्या उसापायी शेजाऱ्यांची ज्वारी वाळते, हे उघड आहे. ठिबक, शेततळी, जलयुक्त शिवार यांवर आपण भरपूर खर्च केला. काही ठिकाणी तर भूजल उपसून शेततळी भरण्यापर्यंत मजल गेली. साळुंखे २००२ साली गेले. माणशी पाण्याचा त्यांचा नियम एकाही सरकारने राज्यभर लावलेला नाही. दुष्काळी तालुक्यातल्या निदान एका सरकारी उपसा योजनेवर तो लावावा, ही माझी कळकळीची मागणी आहे.